प्यायल्यावरचा धिंगाणा आणि रग्बी लीगचे खेळाडू: शिक्षा कशाची, फोटोची की नुकसानाची?

वेंटीकर
गेल्या शनिवारी मुलाच्या अंडर-इलेव्हनच्या मॅचनंतर मैदानाच्या कडेला सॉसेज भाजता भाजता आम्हा पालकांचं चांगलंच वाजलं. कुणीतरी टॉड कार्नीचं नाव काढलं आणि अर्धे म्हणाले, "बरं झालं हाकलला," अर्धे म्हणाले, "वाया घालवला पोराला." घरी आलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात. सिडनी-ब्रिस्बेन पट्ट्यात रग्बी लीग म्हणजे घरोघरी बोलला जाणारा खेळ. एनआरएल ही त्याची व्यावसायिक स्पर्धा. कार्नी 2010 मध्ये तिथला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू होता, डॅली एम पदक मिळालेला. दारूपायी त्याला 2008 मध्ये कॅनबेरा क्लबने काढलं, 2011 मध्ये सिडनी रूस्टर्सने, आणि 2014 च्या जूनमध्ये क्रोनुलाने. शेवटच्या वेळी कारण होतं एक फोटो. पबच्या स्वच्छतागृहात स्वतःच्याच लघवीशी केलेला किळसवाणा चाळा. मला तो सोमवार आठवतो. सकाळच्या ट्रेनमध्ये अख्ख्या डब्यात तो फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत होता, आणि समोरच्या आजीबाईसुद्धा चष्मा वर करून बघत होत्या. त्यानंतर तो एनआरएलमध्ये परत दिसलाच नाही.

माझं म्हणणं एवढंच: त्या फोटोत कुणाला मारलं नव्हतं, कुणाला हात लावला नव्हता, कुणाची गाडी ठोकली नव्हती. किळस येते, मान्य. पण किळस येणं आणि कुणाचं नुकसान होणं यात फरक आहे, आणि लीग गेली कित्येक वर्षं हा फरक करायला तयार नाही. फोन कुणाच्या हातात होता आणि तो फोटो किती पसरला यावर शिक्षा ठरते. शिक्षेचा तक्ता आधी लिहून ठेवा, सगळ्या क्लबांना एकच ठेवा, आणि मोजमाप एकच असू द्या: दुसऱ्या माणसाला काय भोगावं लागलं?

कावेरी_ब्लॅकटाउन
अजिबात पटलं नाही. मी इथे नर्स आहे. ड्युटी संपल्यावर मी भर रस्त्यात पिऊन तमाशा केला आणि तो सगळ्यांच्या फोनवर गेला, तर माझं रजिस्ट्रेशन चौकशीत अडकेल. आपल्यातली किती मुलं व्हिसावर आहेत, एका पोलिस केसपायी परत जायची वेळ येईल म्हणून जीव मुठीत धरून राहतात. मग लाखो डॉलर घेणाऱ्या माणसाने चारचौघांत कसं वागावं ही अपेक्षा जास्त कशी?

आणि कार्नीला फोटोसाठी काढलं हे अर्धसत्य आहे. तो तिसरा क्लब होता. 2009 च्या सुरुवातीला गोलबर्नमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावात, वर्षभर पाऊल टाकायचं नाही असा कोर्टाने हुकूम केला होता. एवढं सगळं होऊनही रूस्टर्सने त्याला जवळ केलं, पदक मिळालं, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा तेच. तुम्ही शेवटचा फोटो तेवढा धरून बसलाय. क्रोनुलाने अख्खा हिशेब बघितला.

वेंटीकर
कावेरीताई, तिसऱ्यांदा हा मुद्दा मान्य. पण मग कागदावर तसं लिहा ना: तिसऱ्या गुन्ह्याला करार रद्द. तुमच्या रजिस्ट्रेशनची चौकशी होईल तेव्हा तुम्हाला बोलावतील, बाजू मांडायला वेळ देतील. इथे फोटो बाहेर आला आणि एका दिवसात करार संपला.

स्वल्पविराम
घाईत न्याय केला की काय होतं याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं ब्रेट स्टुअर्टचं. 2009 च्या मार्चमध्ये मॅनली क्लबने स्वतःच हंगामाच्या सुरुवातीची पार्टी ठेवली, तिथे दारूही होती. त्याच रात्रीवरून त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा गंभीर आरोप झाला. लीगच्या त्या वर्षीच्या जाहिरातीत मुख्य चेहरा त्याचाच होता. कोर्टात काही ठरायच्या आधी लीगने त्याला चार सामने बसवलं आणि कारण दिलं, 'प्यायलेला होता'. क्लबला एक लाख डॉलर दंड. 2010 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं. पुढच्या वर्षी मॅनली फायनल जिंकली आणि पदकं देताना हा पठ्ठ्या मंचावर लीगचे प्रमुख डेव्हिड गॅलप यांच्यासमोर उभा राहिला आणि माफी मागा म्हणाला. जिंकल्याच्या क्षणी माणसाला दुसरं काही सुचत नाही, म्हणजे ते किती खोल रुतलं असेल बघा.

दुसरं 2023 चं. फेब्रुवारीत एनआरएल खेळाडू जॅक वायटनच्या तिसाव्या वाढदिवसाच्या रात्री कॅनबेरात त्याला आणि लॅट्रेल मिचेल या दुसऱ्या खेळाडूला अटक झाली. दोघे प्यायलेले, रस्त्यावर मारामारी केली असा आरोप. सगळीकडे बातमी, दोघेही ॲबोरिजिनल, म्हणजे इथले मूळ रहिवासी, त्यामुळे खालच्या कमेंट तर वाचवत नव्हत्या. ऑगस्टमध्ये कोर्टात चित्रण दाखवल्यावर पोलिस सार्जंटला आपल्या जबाबातली विधानं खरी नव्हती हे कबूल करावं लागलं आणि आरोप मागे घेतले गेले. कावेरीताईंच्या हिशेबाने फेब्रुवारीतच शिक्षा झाली असती, तर ते सामने कुणी परत दिले असते?

कावेरी_ब्लॅकटाउन
मी कोर्टाच्या आधी शिक्षा करा असं म्हटलेलं नाही. पण अकरा वर्षांची कैद होऊ शकेल अशा आरोपात खेळाडूला मैदानाबाहेर ठेवायचा नियम 2019 पासून आहेच. जॅक डी बेलिन त्याविरुद्ध फेडरल कोर्टात गेला आणि हरला. पूर्ण पगार चालू राहतो, नुसतं खेळायचं नाही. तेही तुम्हाला अन्याय वाटतो का?

स्वल्पविराम
पगारापुरता नाही, वर्षांपुरता वाटतो. डी बेलिनच्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी 2021 मध्ये आरोप मागे घेतले. दोन हंगाम गेले. रग्बी लीगच्या फॉरवर्डची कारकीर्द असते केवढी! तरी तो नियम मला ठीक वाटतो, कारण तो निदान लिहिलेला आहे. मर्यादा ठरलेली आहे, सगळ्यांना सारखी आहे. पिऊन केलेल्या धिंगाण्याला अशी मर्यादाच नाही, तिथे क्लबच्या बोर्डाचा त्या दिवशीचा मूड चालतो.

बारमागची
मी इथे सहसा लिहीत नाही, पण हे वाचून गप्प बसवेना.

शिकत असताना मी सिडनीतल्या एका पबमध्ये काम केलंय. दारू द्यायचं सर्टिफिकेट काढावं लागतं, त्यात पहिलंच शिकवतात की झिंगलेल्या माणसाला आणखी दारू देणं हा गुन्हा आहे, दंड देणाऱ्यालाही होतो. सप्टेंबर आला की 'मॅड मंडे'. हंगाम संपल्याची पार्टी, सकाळी दहापासून टीम येऊन बसते. ती टीम कुठली, कुठल्या दर्जाची, ते सांगणार नाही. दुपारी तीनच्या सुमारास एकाला मी म्हटलं, आता पाणी घे. त्याने काउंटरवरून हात टाकून माझं मनगट धरलं. जोरात नव्हे. सोडतच नव्हता, आणि मागचे हसत होते. माझ्या हातात ओला फडका होता आणि त्यातलं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, ते मला अजून आठवतं. मॅनेजरने येऊन त्याला सोडवलं आणि मला म्हणाला, तू आज मागे ग्लास धू. पुढच्या आठवड्यात पबला सह्या केलेली जर्सी आली, भिंतीवर लागली. मला कुणी काही विचारलं नाही.

त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही. म्हणजे वेंटीकर म्हणतात ते बरोबर आहे, कॅमेऱ्यावर शिक्षा ठरते. पण ते फक्त खेळाडूच्या बाजूने बघतायत. कॅमेरा नसला की जिचं मनगट धरलं तिचंही काही घडलेलं नसतं.

मिचेल पिअर्सचं 2016 चं प्रकरण आठवा. ऑस्ट्रेलिया डेचा व्हिडिओ. आठ सामने बंदी, सव्वा लाख डॉलर दंड, रूस्टर्सचं कप्तानपद गेलं. कशासाठी विचारलं तर सगळे म्हणतील कुत्र्याशी केलेल्या अश्लील चाळ्यासाठी. त्याच व्हिडिओत एका बाईचं तो बळेच चुंबन घ्यायला जातो आणि ती नको म्हणते. ते कुणालाच आठवत नाही.

वेंटीकर
ताई, हे मला खरंच दिसलं नव्हतं. मीही इतकी वर्षं कुत्र्याचंच बोलत आलोय.

हाफबॅक
पुण्यात बसून लिहितोय, रग्बीतलं फार कळत नाही, पण क्रिकेटचं सांगतो. अँड्र्यू सायमंड्सला 2009 च्या टी-20 वर्ल्डकपच्या तोंडावर इंग्लंडमधून घरी पाठवलं. दारूबाबत दिलेल्या अटी पाळल्या नाहीत म्हणून. करार गेला, ऑस्ट्रेलियाकडून तो परत खेळला नाही. एवढा मोठा ऑलराउंडर! पण बाकीच्या टीमला संदेश गेला. शिस्त म्हणजे शिस्त, त्यात लाडावणं नको.

मरून_जर्सी
हाफबॅक, संदेश गेला, आणि सायमंड्सही गेला ना संघातून. त्याच्या जागी बरा झालेला माणूस मिळाला असता तर?

मी ब्रिस्बेनचा. आमच्या क्वीन्सलंडच्या कॅमेरन मन्स्टरचं बघा. 2021 मध्ये त्याचा आणि मेलबर्न स्टॉर्मच्या आणखी दोघांचा हॉटेलच्या खोलीतला व्हिडिओ बाहेर आला, टेबलावर पांढरी पावडर. करार तोडता आला असता. क्लबने त्याला व्यसनमुक्ती केंद्रात जायला लावलं आणि वर्षभर दारूला शिवायचं नाही अशी अट घातली. दंड झाला, सामन्याची बंदीही झाली, पण दार बंद केलं नाही. 2025 मध्ये स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्सच्या मालिकेत मधेच त्याला क्वीन्सलंडचा कप्तान केलं. सिडनीतल्या निर्णायक सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी वडील वारले. तो खेळला, टीम जिंकली. मी घरी सोफ्यावर बसून रडत होतो आणि माझी बायको, जिला ट्राय आणि टॅकल यातला फरक कळत नाही, तीही रडत होती. 2021 मध्ये हाकलला असता तर आज तोही चौथ्या क्लबच्या शोधात फिरला असता.

कावेरी_ब्लॅकटाउन
मन्स्टर सुधारला, आनंद आहे. पण मॅथ्यू लॉजचं कुणी काढत नाही. 2015 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पिऊन एका अनोळखी कुटुंबाच्या घरात घुसला, बायका-मुलांना जिवाची भीती घातली. तिथल्या कोर्टाने दहा लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायचा हुकूम केला. आणि 2018 मध्ये लीगने त्याची नोंदणी केली, ब्रिस्बेनकडून तो खेळला. मरून_जर्सी, तुमच्याच शहराच्या टीमकडून. म्हणजे टॉयलेटमधल्या चाळ्याला कायमचं बाहेर आणि लोकांच्या घरात घुसणाऱ्याला परत आत. वेंटीकर, इथे मी तुमच्याशी सहमत आहे, फक्त उलट्या टोकाकडून: सौम्य व्हा म्हणून नको, योग्य ठिकाणी कठोर व्हा म्हणून.

मरून_जर्सी
लॉजबद्दल बोलायला माझ्याकडे तोंड नाही. त्या हंगामात मी तिकिटं काढली होती.

वेंटीकर
आता मूळ दुखण्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं, ते म्हणजे पैसा. क्वीन्सलंडच्या जर्सीवर कित्येक वर्षं फोरएक्स बियर होती, न्यू साउथ वेल्सकडे टूहीज. क्लब चालतात ते त्यांच्या लीग्ज क्लबच्या जिवावर, म्हणजे बार आणि जुगाराची पोकर मशिन. एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीवर बियरचं नाव छापायचं, जिंकल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या हातात कॅन द्यायचा, हंगाम संपला की सकाळी दहापासून पार्टी, आणि रात्री तो घसरला की 'खेळाची प्रतिष्ठा' म्हणून सव्वा लाखाचा दंड. 2018 मध्ये कॅन्टरबरीच्या मॅड मंडेचे फोटो छापून आल्यावर लीगने क्लबला अडीच लाखांचा दंड लावला, पण मॅड मंडेला कुणी हात लावला नाही.

बियर सोडली तर खेळ बुडेल असं सांगणाऱ्यांनी जुनी नावं आठवावीत. 1995 पर्यंत या स्पर्धेचं नावच विनफिल्ड कप होतं, सिगारेटचं. कायद्याने तंबाखूची जाहिरात बंद झाली. खेळ चालूच आहे.

स्वल्पविराम
याच्यावर खेळाडूंच्या संघटनेने अडून बसायला हवं. दंड हा खेळाडूच्या पगारातून जातो आणि बियरचा करार लीगच्या खात्यात येतो. तो दंड निदान उपचारांसाठी बाजूला ठेवा.

कावेरी_ब्लॅकटाउन
थांबा. जाहिरात काढा, हो. पण जर्सीवर बियरचं नाव होतं म्हणून मी प्यायलो, हे मी माझ्या वॉर्डात रोज रात्री निरनिराळ्या रूपात ऐकते. शनिवारी रात्री जबडा शिवायला येणारा मुलगा कुठलीच जर्सी घालत नाही. पिणाऱ्याचा हात त्याचा स्वतःचा असतो. माझी मागणी साधी आहे: पहिल्यांदा कुणाला इजा नसेल तर उपचार आणि दंड, इजा असेल तर किमान एक हंगाम बाहेर, मग तो कितीही गुणी असो, तिसऱ्यांदा करार संपला.

वेंटीकर
तुमचा तक्ता आणि माझा तक्ता आता बराच जवळ आलाय. फक्त 'इजा' कशाला म्हणायचं? हाड मोडलं तरच?

बारमागची
मला विचाराल तर यादी करणाऱ्यांच्या टेबलावर एखादी बार टेंडर बसवा, एखादी हॉटेलात खोल्या साफ करणारी बसवा. माझ्या मनगटावर वळही उठला नव्हता. आणि दंडाच्या रकमेतला काही भाग जिला भोगावं लागलं तिला का नाही? सव्वा लाखातला एकही डॉलर त्या व्हिडिओतल्या बाईला मिळाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

कावेरी_ब्लॅकटाउन
मनगट धरणं माझ्या तक्त्यात इजाच आहे. एक हंगाम.

हाफबॅक
एक हंगाम जास्त होत नाही का? चार-पाच सामने ठीक.

बारमागची
मी त्या पबमध्ये पुढचे दोन हंगाम त्या जर्सीखाली ग्लास पुसत होते. चार-पाच सामने कमीच आहेत.