मदत हवी आहे: तीन सीडीएन, तीन पॅनेल आणि मी एकटा

आयर्विनकर
नमस्कार मंडळी. तीन सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून वाटणाऱ्या सेवा) वापरतो. तिन्हींची पॅनेलं वेगळी, पासवर्ड वेगळे, बटनांची नावंसुद्धा वेगळी. पान बदललं की तीन ठिकाणी लॉगिन करून कॅश (त्यांच्याकडं साठलेली जुनी प्रत) उडवत बसायचं. परवा रात्री तिन्हीकडं उडवली, तरी निम्म्या लोकांना जुनंच पान दिसत होतं. एकाच स्क्रीनवरून तिन्ही हाकता येतील असं काही आहे का? फुकट असेल तर बरं. पाऊस वाढलाय, जरा घाई आहे.

मिरज जंक्शन
पावसाचा आणि सीडीएनचा काय संबंध? साइट कसली, डीएनएस (साइटच्या नावाला पत्ता जोडणारी यंत्रणा) कुणाकडं, ट्रॅफिक कसं वाटून दिलंय? डॉक्टरकडं जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणताय.

आयर्विनकर
मिरजेत राहून पावसाचा संबंध विचारताय होय? पाणीपातळीचं पान आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फूट, कोयनेतून विसर्ग किती, सूर्यवंशी प्लॉटात पाणी आलं का. एरवी दिवसाला दोन-तीनशे माणसं. ४० फुटांची इशारा पातळी जवळ आली की अख्खं गाव एकदम येऊन पडतं. परवा पुलाला ४१ होतं आणि निम्म्यांना ३८च दिसत होतं. गावभागातल्या एका काकूंचा फोन: "सामान माडीवर न्यायचं का नको, एकदा काय ते नक्की सांग बाबा."

जुना खांब
तीनशे माणसांना तीन सीडीएन? बैलगाडीला तीन स्टेअरिंग. मी १२ वर्षं एका व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) एनजिनएक्स हे वेबसर्व्हर चालवतोय, मायक्रोकॅशिंग (काही सेकंदांपुरती कॅश) लावलंय, कधी काही झालं नाही.

पाटणचा वारा
खांबकाका, तीनशे एरवी. पुराच्या रात्री किती, ते वाचलं नाहीत. आणि एकावरच विसंबायचं तर ८ जून २०२१ आठवा. फास्टली या सीडीएनच्या एका ग्राहकानं साधी सेटिंग बदलली, आतला बग जागा झाला आणि जगभरातल्या मोठमोठ्या साइट झोपल्या.
मूळ प्रश्नाला माझं उत्तर: टेराफॉर्म, म्हणजे सेटिंग फाइलीत लिहून लावणारं टूल. तिन्ही कंपन्यांचे प्रोव्हायडर (त्यांना जोडणारे प्लगिन) मिळाले तर सगळी सेटिंग एकाच रेपोत (फाइलींच्या साठ्यात). पॅनेल उघडायचंच नाही.

मिरज जंक्शन
टेराफॉर्म सेटिंगसाठी ठीक, कॅश उडवायला नाही. रात्री दोन वाजता पातळी बदलली की हे 'प्लॅन' आणि 'अप्लाय' करत बसणार का?

पाटणचा वारा
मी कुठं म्हटलं पर्जसाठी (कॅश उडवायला)? सेटिंग सारखी नसली की असले घोळ होतात, एवढंच म्हणणं.

हळदीचं पोतं
वर्डप्रेस आहे का? फोटो वेबपीमध्ये करून टाका, साइट लगेच हलकी होते. आणि दादा, साइटवर हळदीचा रोजचा दर पण टाका की.

आयर्विनकर
वर्डप्रेस नाही. दराचं नंतर बघू. कुणी त्या तयार मल्टी-सीडीएन पॅनेलवाल्या सेवा वापरल्यात का?

मिरज जंक्शन
आमच्या कंपनीत वापरली होती. एका बटनाखाली तिघांना आणलं की तिघांत जे समान, तेवढंच हाती उरतं. क्लाउडफ्रंट या सीडीएनमध्ये कॅश उडवण्याला 'इन्व्हॅलिडेशन' म्हणतात, ते पाथ (पानाचा पत्ता) देऊन करायचं, महिन्याला पहिले १००० पाथ फुकट. फास्टलीत पानांना 'सरोगेट की' (एक खूण) लावून एका फटक्यात उडवता येतात. फायरवॉलचे नियम तर एकाचे दुसऱ्याला जुळतच नाहीत. शेवटी ज्याच्यासाठी पैसे मोजले, ते वापरायला पुन्हा मूळ पॅनेलातच जावं लागायचं.
दुसरं, हाकायची दोरी सीडीएनच्याच हातात ठेवू नका. १८ नोव्हेंबर २०२५ला क्लाउडफ्लेअर पडलं, तेव्हा बऱ्याच जणांना डॅशबोर्डात लॉगिनच होईना. दुसरा सीडीएन तयार होता, पण डीएनएस तिथंच, वळवायचं कसं?
तुमचं डीएनएस कुणाकडं, हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारलंय.

भडंग विथ चहा
२०१९ला पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं. लाइट नाही, रेंज नाही, आम्ही गच्चीवर. तेव्हा तुमचा सीडीएन कुणी बघितला असता?

जुना खांब
अलमट्टीची उंची वाढवली तर ६० फूट पण बघाल.

मिरज जंक्शन
अलमट्टीला वेगळा धागा काढा हो.

आयर्विनकर
डीएनएस आतेभावानं पुण्यातून लावून दिलंय, सीडीएनवाल्यांकडं नाही. डब्लूडब्लूडब्लू पहिल्या आणि दुसऱ्यात निम्मं-निम्मं वाटलंय. तिसऱ्यावर फक्त फोटो. मधूनमधून ५०० नंबरवाली एररपण येते, पण ती लोडमुळं असेल.

मिरज जंक्शन
हे आधी सांगायचं राव! एक करा. दुसऱ्याची कॅश उडवा, पहिल्याला हात लावू नका. मग दोघांच्या पत्त्यावर थेट कर्ल (कमांडवरून पान मागवणारं टूल) मारा आणि 'एज' हेडर (प्रत किती सेकंद जुनी ते) इथं टाका.

आयर्विनकर
पहिला: हिट (कॅशमध्ये सापडलं), एज ५२०७.
दुसरा, उडवल्यावर लगेच: मिस (कॅशमध्ये नव्हतं), एज ५२१२.
मिस आहे म्हणजे ताजंच आलं ना?

मिरज जंक्शन
मिस आणि एज ५२१२? नव्यानं आणलेलं पान दीड तास शिळं कसं? दोन आकड्यांत पाचच सेकंदांचा फरक बघा. दुसऱ्यानं ते तुमच्या सर्व्हरवरून नाही, पहिल्याच्या कॅशमधून उचललंय. दुसऱ्याच्या पॅनेलात 'ओरिजिन'ला (पान कुठून आणायचं तिथं) काय लिहिलंय?

आयर्विनकर
डब्लूडब्लूडब्लूचाच पत्ता. सर्व्हर तोच आहे की.

पाटणचा वारा
अहो, डब्लूडब्लूडब्लू म्हणजे आता सर्व्हर नाही, ते दोन सीडीएन! निम्म्या वेळा दुसरा पहिल्याकडं जातो आणि शिळं घेऊन येतो. उरलेल्या निम्म्या वेळा स्वतःच्याच दारात जाऊन उभा राहतो, ती तुमची ५००वाली एरर. सेटिंग रेपोत असती तर ही ओळ वाचताक्षणी दिसली असती.

आयर्विनकर
आई शप्पथ. आणि मी उडवताना दर वेळी आधी दुसरा, मग पहिला. बुकमार्क तसे लावलेत म्हणून.

मिरज जंक्शन
मग बरोबर. उडवलेल्या दुसऱ्यात पहिल्याकडचं जुनं पान लगेच येऊन बसायचं.
ओरिजिनसाठी वेगळं सबडोमेन करा, ते थेट सर्व्हरच्या आयपीला. होस्ट हेडर (कुठली साइट हवी ते सांगणारा) मात्र डब्लूडब्लूडब्लूचाच पाठवा, नाहीतर सर्व्हर दुसरीच साइट दाखवेल. तिसऱ्याचंही ओरिजिन तपासा.
आणि पातळीच्या पानाला एस-मॅक्सएज (सीडीएननं प्रत किती वेळ ठेवायची) ३० सेकंद द्या, म्हणजे उडवायची वेळच सहसा येणार नाही. फोटोंना आठवडाभर ठेवा. तरीही बटन हवंच असेल तर तिन्हींचे एपीआय (प्रोग्राममधून हुकूम द्यायची सोय) आहेत. प्रत्येकाकडून फक्त पर्जची परवानगी असलेलं टोकन (स्क्रिप्टसाठीची चावी) घ्या आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहा. ती सीडीएनमागं ठेवू नका.

जुना खांब
म्हणजे शेवटी ३० सेकंदांचं कॅशिंग. मी मायक्रोकॅशिंग म्हटलं तेव्हा हसलात.

पाटणचा वारा
हसलो ते बैलगाडीला.

भडंग विथ चहा
ते सगळं करा, पण पातळीशेजारी मोजल्याची वेळ मोठ्या अक्षरात छापा. ३८ फूट "रात्री ८ वाजता" असं दिसलं असतं तर काकूंनी फोनच केला नसता.

आयर्विनकर
अपडेट. ओरिजिन बदललं. दोन्हींचं एज आता ३०च्या वर जात नाही, ५००पण सकाळपासून आली नाही. वेळ छापली, लाल रंगात. स्क्रिप्ट आतेभाऊ लिहितोय, पण तिसऱ्या सीडीएनच्या टोकनला फक्त पर्जची परवानगी देताच येत नाही, सगळं उघडं द्यावं लागतंय. त्यावर कुणी काही केलंय का?

हळदीचं पोतं
हळदीचा दर?