मदत हवी आहे: स्लीव्हनंतर किती वजनाचं ध्येय धरू?

नमस्कार मंडळी. मी मालवणची, वय ४३, उंची १५८ सेंमी. दहा महिन्यांपूर्वी स्लीव्ह सर्जरी (वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन) झाली. तेव्हा ११८ किलो होते, आता ८६. महिनाभर काटा तिथेच अडकलाय.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ धरला तर ६२ किलो व्हायला हवं. पण जादा, म्हणजे या ६२ च्या वरच्या, वजनातलं ५०-६० टक्के उतरलं तरी ऑपरेशन यशस्वी, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे मी जवळजवळ पोचलेच! बंदरावरून मासळीची पिशवी घेऊन आता न थांबता घरी येते. सासूबाई वाटीभर कुळथाची पिठी वाढतात, त्यातली अर्धी उरते. तरी ६२ चा आकडा डोक्यातून जात नाही.

७५ ठेवू का? तुम्ही कसं ठरवलंत? वर्षानंतरही वजन उतरलं का? कृपया सांगा.