दूरची फाइल आपल्याच एडिटरमध्ये: तुमची मांडणी सांगा

सर्व्हरवरची फाइल आपल्याच एडिटरमध्ये उघडणाऱ्यांनी इथे लिहा. काय वापरता, कुठे अडतं आणि का, तेवढं नेमकं हवं.

* * *

ईमॅक्स एडिटर आणि त्यातलं ट्रॅम्प, म्हणजे दूरच्या फाइली उघडायची सोय. फाइल उघडताना नावाच्या जागी /एसएसएच:वापरकर्ता@यंत्र:/वाट एवढंच द्यायचं (एसएसएच म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी). फाइल रूटची (मुख्य प्रशासकाची) असेल तर मधे उभी रेघ आणि सुडो, म्हणजे रूटच्या हक्काने काम करायची आज्ञा: /एसएसएच:वापरकर्ता@यंत्र|सुडो:यंत्र:/वाट.

ट्रॅम्प लटकलं की आधी पलीकडच्या शेलचा (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहायच्या जागेआधीची खूण, बघा. ट्रॅम्प शेलला आज्ञा देतं आणि प्रॉम्प्ट ओळखता आला की उत्तर पूर्ण झालं असं धरतं. रंग, गिटची शाखा, दोन ओळींची सजावट असली की ते ओळखू शकत नाही आणि ताटकळत राहतं. जोडताना ट्रॅम्प 'टर्म' हे चल 'डंब' ठेवतं, त्याचाच फायदा घ्यायचा. पलीकडे झेडशेल हा शेल असेल तर त्याच्या सेटिंग फाइलमध्ये सगळ्यात वर अट घाला: टर्म डंब असेल तर झेडएलई (झेडशेलचं ओळ-संपादन) बंद, प्रॉम्प्ट म्हणजे डॉलर आणि एक मोकळी जागा, आणि तिथूनच रिटर्न. तरीही लटकलं तर ट्रॅम्प-व्हर्बोज (किती तपशील नोंदवायचा ते सेटिंग) ३ वरून ६ करा. नेमकं कशावर खोळंबलंय ते डीबग बफरमध्ये दिसतं.

* * *

वरच्याला जोडून: एसएसएच पद्धत फाइलचा मजकूर एन्कोड करून शेलमधूनच आणते. कॉन्फिग फाइलला उत्तम, मोठ्या लॉगला मात्र एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी) पद्धत द्या. १०,२४० बाइटांपेक्षा मोठी फाइल ती स्वतंत्र एससीपीने आणते. उघडायलाच वेळ लागत असेल तर दूरच्या वाटांसाठी व्हीसी (गिटसारख्या आवृत्ती-साधनांशी जोडणारी ईमॅक्सची सोय) बंद करा. गिटचा फोल्डर शोधताना ते वरच्या प्रत्येक डिरेक्टरीसाठी सर्व्हरला विचारतं.

* * *

विम एडिटरमध्ये एससीपी://यंत्र//वाट. यंत्राच्या नावापुढे दोन तिरप्या रेघा दिल्या तर वाट मुळापासून, एक दिली तर होमपासून. 'नवी फाइल' दिसली की बहुतेक इथेच चूक असते. विम तात्पुरत्या प्रतीवर काम करतं आणि दर सेव्हला नवी जोडणी उघडतं. म्हणून एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये कंट्रोलमास्टर ऑटो आणि कंट्रोलपर्सिस्ट १० मिनिटं ठेवाच, म्हणजे आधीचीच जोडणी पुन्हा वापरली जाते. कंट्रोलपाथमध्ये (त्या जोडणीच्या सॉकेट फाइलची वाट) %सी (कॅपिटल) वापरा, ते होस्टनावाऐवजी ठरावीक लांबीचा हॅश देतं: लिनक्सवर सॉकेटच्या वाटेला १०८ बाइटांची मर्यादा आहे, लांबलचक होस्टनावं ती सहज ओलांडतात.

* * *

एसएसएचएफएसने माउंट केलं, म्हणजे दूरचा फोल्डर आपल्याच यंत्रावर जोडला, की कुठलाही एडिटर चालतो, पण नेट तुटलं की त्या फोल्डरला हात लावणारा प्रत्येक प्रोग्रॅम गोठतो. माउंट करताना रिकनेक्ट, सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५ आणि सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ३ द्या. गोठलंच तर फ्यूजरमाउंट -यू -झेड देऊन माउंट सोडवा.

आणि एक: सेव्ह करताना जुनी फाइल बाजूला सारून त्याच नावाने नवी लिहिणारा एडिटर आयनोड (फाइलची डिस्कवरची अंतर्गत ओळख) बदलतो. ती एकच फाइल कंटेनरमध्ये (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बाइंड-माउंट केलेली, म्हणजे बाहेरून थेट जोडलेली असेल तर कंटेनरला जुनाच मजकूर दिसत राहतो. विममध्ये बॅकअपकॉपी 'येस' ठेवलं की मूळ फाइलवरच लिहिलं जातं.