हॉबिट खरंच लढवय्ये होतात का?

दुपारचा_चहा:
टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तिसऱ्यांदा वाचून संपवलं. शेवटी हॉबिट, म्हणजे बिळांत राहणारे बुटके लोक, गाव बळकावून बसलेल्या गुंडांना शायर या आपल्या प्रांतातून हाकलतात ते प्रकरण (चित्रपटात गाळलेलं) याही वेळी पचलं नाही. जमेल तर दिवसातून सहा वेळा जेवणारी ही मंडळी. तलवारी चुलीवर टांगलेल्या, नाहीतर मिशेल डेल्व्हिंग गावच्या संग्रहालयात. शायरच्या कालगणनेत ११४७ नंतर तिथे लढाई नाही आणि १४१९ मध्ये एकदम फौज?

गोफणगुंडा:
सपशेल असहमत. फौज कुठाय? शायरमधल्या बायवॉटर गावच्या रस्त्याला दोन्हीकडे उंच बांध. गुंड आत शिरले तर पुढे शेतातल्या जुन्या गाड्या आडव्या, मागूनही गाड्या ढकलल्या, वर बांधावर माणसं. हातात कुऱ्हाडी, हातोडे, सोटे, शिकारीची थोडी धनुष्यं. हे शेतकऱ्याचंच डोकं आहे. आणि हॉबिट दगडाला वाकला की जनावरं पळायची, हेही पुस्तकातच आहे. आमचे आजोबा ज्वारीवरची पाखरं गोफणीने उठवायचे, त्यांच्या नेमासमोर उभं राहायची माझी तरी छाती नव्हती.

दुपारचा_चहा:
डोकं मेरी या हॉबिटचं हो! तो रोहन राज्याच्या घोडेस्वारांबरोबर लढून तावून सुलाखून आलेला. मेरी आणि त्याच्यासारखाच लढून परतलेला पिपिन वजा करा, काय उरतं? तोवर सगळे मुकाट सोसतच होते ना?

गोफणगुंडा:
सगळे? टूक हे हॉबिट घराणं विसरलात. फ्रोडो, सॅम, मेरी, पिपिन हे चौघे मोहिमेवरून परतण्याआधीच त्यांनी तीन गुंड बाणांनी टिपले होते.

काठावरची:
तुम्ही दोघं लढता येतं का यावरच अडलात. लढाईत सत्तरेक गुंड मेले, १९ हॉबिट गेले. फ्रोडोने तलवार उपसलीच नाही. शस्त्र टाकलेल्यांना मारू नका म्हणून तो आपल्याच चिडलेल्या लोकांना आवरत होता. आवरावं लागलं, यातच उत्तर आलं की. टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीवर होता. साधी माणसं बंदूक धरल्यावर काय होतात ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

दुपारचा_चहा:
टूकांचं मान्य, विसरलोच होतो. फ्रोडोचंही. तरी 'लढवय्ये' म्हणणार नाही. जिंकल्यावर गुंडांनी बांधलेल्या खोपटांच्या विटा काढल्या, त्यांचं काय केलं? कोट नाही बांधला. जुनी बिळं दुरुस्त केली, जास्त उबदार आणि कोरडी व्हावीत म्हणून!