अ‍ॅजिनकोर्टचा गवगवा, निकाल मात्र कास्तीयाँचा

दुर्गवेडा: इंग्रज-फ्रेंचांच्या शंभर वर्षांच्या युद्धाचा विषय निघाला की गाडी अ‍ॅजिनकोर्टवरच येऊन थांबते. २५ ऑक्टोबर १४१५, इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री, लांब धनुष्यं, चिखल. इंग्रजांचा विजय जबर होता, वाद नाही. पण जिच्यानंतर आणखी ३८ वर्षं मारामारी चालली, ती निर्णायक कशी? निकाल लागला १७ जुलै १४५३ ला, दॉर्दोन्य नदीकाठच्या कास्तीयाँला. फ्रेंचांच्या जाँ ब्युरोच्या तोफांनी इंग्रज सेनापती टॅल्बटची फौज भाजून काढली. ऑक्टोबरात इंग्रजांकडचं बोर्दो शहर पडलं आणि फ्रान्सात इंग्रजांकडे उरलं फक्त कॅले बंदर.

शांभवी: शेवटची म्हणजे निर्णायक, हे कुठलं गणित? अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंच सरसेनापती द'आल्ब्रे पडला. ऑर्लेआँचा ड्यूक शार्ल कैद झाला आणि पुढची २५ वर्षं इंग्लंडात कविता करत बसला (चांगल्या करायचा म्हणे). एका दिवसात त्याचा अख्खा गट पोरका झाला. म्हणून १४१८ मध्ये फ्रान्समधल्याच विरोधी गटाला, बर्गंडीच्या ड्यूकच्या माणसांना, पॅरिस घेता आलं, १४१९ ला नॉर्मंडीतलं रूआँ इंग्रजांच्या हाती पडलं. १४२० च्या त्र्वाच्या तहात तर युवराजाला डावलून हेन्री फ्रेंच राजाचा जावई आणि वारस ठरला! आणखी काय निर्णायक हवं?

चिखलपाय: धनुष्य-धनुष्य काय करताय, फ्रेंचांना मारलं नांगरलेल्या शेतानं. रात्रभर पाऊस, दोन्ही बाजूंना झाडी, मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात चिलखतवाले पायी, आणि मागचे पुढच्यांना रेटताहेत. पावसाळ्यात काळ्या रानातून चपला हातात घेऊन चाललेल्याला जास्त सांगायला नको.

दुर्गवेडा: @चिखलपाय, पटलं, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.
@शांभवी, त्र्वाचं श्रेय अ‍ॅजिनकोर्टला कसं? सप्टेंबर १४१९ मध्ये माँत्रोच्या पुलावर बोलणी करायला आलेल्या बर्गंडीच्या ड्यूकला युवराजाच्या माणसांनी ठार मारलं. बापाच्या खुनाने पेटलेला मुलगा इंग्रजांना जाऊन मिळाला, म्हणून तो तह झाला. १४३५ ला अरासमध्ये हाच मुलगा फ्रेंचांकडे परतला आणि इंग्रजांचा डोलारा पोकळ झाला. आपल्याकडे म्हणतात, लढाईत जिंकले नि तहात हरले. हेन्री तर तहातही जिंकला! पण दोन वर्षांत, पस्तिशीतच गेला. मागे वारस कोण, तर नऊ महिन्यांचं पोर.

शांभवी: खून पुलावर झाला, पण इंग्रज त्या वेळी नॉर्मंडी गिळून बसले नसते तर मुलगा कुणाकडे गेला असता? आणि तुमच्या कास्तीयाँचं म्हणाल तर ती टॅल्बटची घाई. फ्रेंच छावणीतून धूळ उडताना दिसली, गड्याला वाटलं फ्रेंच पळताहेत. पायदळ मागेच होतं, तरी साठी उलटलेला हा माणूस थेट तोफांवर चालून गेला. पळत कुणीच नव्हतं, घोडे आणि बाजारबुणगे बाहेर काढत होते. शिवाय १४५० ला फॉर्मिनीच्या लढाईत हरल्यावर इंग्रजांच्या हातून नॉर्मंडी गेलीच होती. घर आधीच पडलेलं, कास्तीयाँला नुसती चौकट उखडली.

दुर्गवेडा: चौकट म्हणू नका हो! बोर्दो जवळपास तीनशे वर्षं इंग्रज राजांकडे होतं. १४५१ ला फ्रेंचांनी घेतलं, तर पुढच्याच वर्षी तिथल्या लोकांनी इंग्रजांना परत बोलावलं. वाइनचा सगळा धंदा त्यांच्याशी. तोफांनी तो पर्यायच संपवला.
फॉर्मिनीचा मुद्दा मात्र बोचला. आता काढलंच आहे तर माझ्या विरोधात जाणारंही सांगतो: तिथे फ्रेंचांच्या दोन तोफा होत्या, आणि इंग्रज धनुर्धाऱ्यांनी धावून जाऊन त्या चक्क हिसकावून घेतल्या होत्या.