मदत हवी आहे: घरात आयुष्मान कार्ड असून आईच्या ऑपरेशनला चालत नाही म्हणतात

चक्रमपणा_नको
नमस्कार. आईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय. घरात ५ लाखांपर्यंत मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान कार्ड आहे तरी हॉस्पिटलवाले म्हणतात चालणार नाही. जाहिरातीत तर कुटुंबाला ५ लाख असं सांगतात, मग चालणार नाही म्हणजे काय? एक जण म्हणतो महात्मा फुले योजनेत बसवा, दुसरा म्हणतो ती योजना बंद झाली, तिसरा म्हणतो दोन्ही एकच आहेत. कोणाला खरंच माहीत असेल त्यानेच सांगा. पॉलिसी विकायला येऊ नका प्लीज.

सुपारीचं_खांड
आईचं वय? ऑपरेशन कसलं? कार्ड कोणाच्या नावावर? रेशनकार्ड कुठल्या रंगाचं? यातलं काहीच लिहिलं नाहीये, कसं सांगणार.

दूरचा_विचार
पॉलिसी विकत नाहीये, फक्त सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून ६५ ची वयोमर्यादा काढलीये, आता ७५ व्या वर्षी पण हेल्थ पॉलिसी मिळू शकते. आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी पण शून्य. सरकारी योजनेच्या नादी लागण्यापेक्षा हे बघा.

मनीमाऊ७
अहो त्यांच्या आईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे!! पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वेटिंग असतं, तोवर क्लेम मिळत नाही, ते कोण भरून काढणार, तुम्ही?

दूरचा_विचार
मी आताच्या ऑपरेशनचं बोलतच नव्हतो, जनरल माहिती दिली. बाकीचे पण वाचतात धागा.

चक्रमपणा_नको
कार्ड बाबांच्या नावावर आहे, बाबा ७३. त्यावर वय वंदना असं लिहिलंय. आई ६६. अँजिओप्लास्टी करायचीये, अँजिओग्राफी झाली. रेशनकार्डाचा काय संबंध? आम्ही रेशन घेतच नाही, पांढरं कार्ड आहे, कुठल्या तरी ट्रंकेत असेल.

सुपारीचं_खांड
आता कळलं. वय वंदना फक्त ७० आणि त्यापुढच्यांसाठी आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. त्यात उत्पन्न बघत नाहीत, आधारवरचं वय बघतात, म्हणून बाबांचं कार्ड पटकन निघालं. पण ते ५ लाख घरातल्या ७० च्या पुढच्या माणसांमध्येच वाटून वापरायचे. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असते तर दोघांत मिळून ५ लाख. आई ६६ ची, ती त्यात येतच नाही. हॉस्पिटलवाले बरोबर बोलतायत, फक्त कारण सांगायचे कष्ट घेतले नाहीत.

चक्रमपणा_नको
म्हणजे आईला काहीच नाही?

सुपारीचं_खांड
आहे की. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. तिथे वयाची अट नाही, रेशनकार्ड बघतात, म्हणून विचारलं. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं, पुढे आयुष्मानला जोडली, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. बंद वगैरे काही नाही. आधी कव्हर दीड लाख होतं आणि बहुतेक पांढरं कार्डवाले बाहेर होते. जुलै २०२४ पासून ५ लाख झालं आणि पांढरं रेशनकार्ड पण आत आलं. ट्रंक उघडा!

निवृत्त_बाबू
केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी लक्षात ठेवावे की सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचारी व पेन्शनरांची आरोग्य योजना) असेल तर ७० नंतर सीजीएचएस किंवा वय वंदना यातले एकच निवडावे लागते. मी सीजीएचएस ठेवले कारण त्यात ओपीडी व औषधे मिळतात, आयुष्मानमध्ये साधी ओपीडी नाही, ॲडमिट व्हावे लागते. खासगी पॉलिसी असेल तर मात्र दोन्ही चालते.

मनीमाऊ७
काका, ते सीजीएचएसवाले आहेत असं कुठे लिहिलंय

निवृत्त_बाबू
माहिती कोणाच्या तरी उपयोगी पडते.

भातुकली
आमच्याकडे सासऱ्यांचं वय वंदना काढताना बोटाचे ठसे जुळतच नव्हते, आयुष्य शेतात गेलं, बोटं गुळगुळीत झालीयत. केंद्रावरचा मुलगा सारखं परत बोट ठेवा म्हणत होता. शेवटी मोबाइलवर चेहरा स्कॅन करून झालं, तेही उजेडात नेऊन. आयुष्मान ॲपवरून घरी पण होतं. ज्यांचे ठसे येत नाहीत त्यांनी आधीच चेहऱ्याचं सांगा.

पाटलाचा_वाडा
मुख्यमंत्री वयोश्री योजना पण बघा, ६५ च्या पुढच्यांना ३००० रुपये मिळतात.

सुपारीचं_खांड
ते चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साहित्यासाठी आहेत आणि उत्पन्नाची अट आहे. तो विमा नाही. ३००० मध्ये अँजिओप्लास्टी होत असती तर धागाच निघाला नसता.

पाटलाचा_वाडा
चिडायचं काय त्यात, ज्येष्ठांसाठी आहे म्हणून टाकलं.

चक्रमपणा_नको
कार्ड सापडलं. पत्ता साताऱ्याचा आहे, आम्ही आता पुण्यात. आईचं नाव आहे त्यात. चालेल का की आधी पत्ता बदलायचा? पत्ता बदलायला गेलो तर ऑपरेशन दिवाळीत होईल.

सुपारीचं_खांड
योजना राज्याची आहे, साताऱ्याचं कार्ड पुण्यात चालतं. पत्त्याच्या नादाला लागू नका. कार्ड आणि आईचं आधार घेऊन आरोग्यमित्राकडे (पेशंटला मदत करणारा योजनेचा माणूस) जा, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये त्यांचं टेबल असतं. बाकी कागद काय लागतात ते तोच सांगेल, हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्यांना विचारू नका. आणि डिपॉझिट भरून मोकळे होऊ नका, योजना कॅशलेस आहे, आधी भरून मग परत मागायची पद्धत यात नाही.

मी_नर्स_होते
थोडं वेगळं सांगते. हॉस्पिटल योजनेत आहे एवढं पुरत नाही, हृदयविकारासाठी आहे का ते बघा. एखादं हॉस्पिटल हाडांच्या ऑपरेशनला असतं पण हार्टला नसतं, बाहेर बोर्ड मात्र एकच. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर फोन करून विचारा. काही ऑपरेशनं तर फक्त सरकारी हॉस्पिटललाच राखीव आहेत. आणि आधी मंजुरी मागवावी लागते, त्यासाठी अँजिओग्राफीचा रिपोर्ट लागेल, नुसता कागद नको, सीडी पण घ्या. छातीत दुखायला लागलं तर मात्र योजना-बिजना बघत बसू नका, जवळच्या हॉस्पिटलला जा. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागाहून देता येतात.

दूरचा_विचार
म्हणजे इतके फोन आणि इतकी टेबलं. म्हणून म्हणतो पॉलिसी असावी.

मनीमाऊ७
पॉलिसीवाले काय फुलं घेऊन उभे असतात का दारात? माझ्या काकांचा क्लेम साखरेमुळे नाकारला होता, आणि साखर त्यांनी फॉर्मवर लिहिली होती.

दूरचा_विचार
मग एजंटने फॉर्म चुकीचा भरला असणार.

मनीमाऊ७
फॉर्म काकांनी स्वतः भरला. दुसऱ्या धाग्यावर या, इथे नको.

भोसरीकर
तुमचे बाबा कंपनीत होते का? पगारातून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापत असेल आणि ५ वर्षं इन्शुअर्ड असतील तर निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि बायकोला उपचार मिळतात. महिन्याला नाही, वर्षाला १२०. आमच्या कंपनीतल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं, एचआर कधी सांगत नाही.

चक्रमपणा_नको
बाबा कंपनीतच होते पण शेवटी पगार ईएसआयसीच्या मर्यादेच्या वर गेला होता, त्याचं नंतर बघतो. १५५३८८ वर फोन केला. आमचं हॉस्पिटल योजनेत आहे पण हृदयासाठी नाही!! एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर. हार्टला असलेलं दुसरं शोधलंय, आईच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हलवायला हरकत नाही. आरोग्यमित्रांनी रेशनकार्ड बघून हो म्हटलं, रिपोर्ट आणि सीडी घेतली, मंजुरीला टाकलंय. स्टेंट (रक्तवाहिनीत बसवायची जाळी) कुठला घालणार, त्याचे वेगळे पैसे मागतील का?

मी_नर्स_होते
योजनेत ऑपरेशनचं ठरलेलं पॅकेज असतं, त्यात स्टेंट धरलेला असतो. वेगळे मागितले तर आरोग्यमित्राला तिथेच सांगा, नाही ऐकलं तर परत १५५३८८. डिस्चार्जनंतरची सुरुवातीची औषधं पण पॅकेजमध्ये असतात, ती घेतल्याशिवाय घरी निघू नका. रक्त पातळ करायची गोळी मधेच बंद करायची नाही हे आईला दहादा सांगा.

निवृत्त_बाबू
आयकराच्या जुन्या कररचनेत ज्येष्ठांच्या उपचारखर्चाची ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पॉलिसी नसेल तरी. बिले सांभाळून ठेवावीत.

मनीमाऊ७
कॅशलेसची कसली बिलं हो काका

भातुकली
माझाही एक प्रश्न, सासूबाईंना आधारप्रमाणे ६९ आहे पण खरं वय ७२. जन्मतारीख दुरुस्त करून वय वंदना काढावं का?

सुपारीचं_खांड
पुरावा काय आहे, शाळेचा दाखला की जन्मदाखला? आणि आधी कधी आधारची तारीख बदलली होती का? ती एकदाच बदलता येते. रेशनकार्डाचा रंग पण सांगा.