शब्दचर्चा: ‘शॉक देणे’, ‘विजेचे झटके’ आणि ईसीटी

प्रश्न

पुण्यातल्या एका रुग्णालयासाठी तयार होत असलेल्या माहितीपत्रकाचे मराठी मी तपासत आहे. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सुचवल्या जाणाऱ्या ईसीटीसाठी (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, म्हणजे विद्युतप्रवाहाने मेंदूत फिट आणण्याचा उपचार) मसुद्यात एकाच पानावर ‘विद्युत-आक्षेपी चिकित्सा’, ‘विजेचे झटके’ आणि ‘शॉक ट्रीटमेंट’ असे तीन शब्दप्रयोग आले आहेत. पत्रक नातेवाइकांच्या हाती पडणार आहे. यांतला कोणता ठेवावा, आणि ‘शॉक’ मुळातूनच काढून टाकावा का?

पहिला प्रतिसाद

‘आक्षेपी’ आधी काढावा. आयुर्वेदात ‘आक्षेपक’ म्हणजे अंगाला झटके येण्याचा विकार, आणि हिंदी परिभाषेने तिथूनच हा शब्द घेतला. पण मराठी वाचकाला ‘आक्षेप’ म्हटले की हरकत आठवते, आणि ‘आक्षेपार्ह’ तर अगदी शेजारीच उभा असतो. ‘विजेचे झटके’ही सोयीचा नाही, कारण आपल्याकडे झटका हा आजाराचा असतो. हृदयविकाराचा झटका येतो, वेडाचा झटका येतो. मग रोग आणि उपचार दोघांनाही एकच शब्द कसा चालेल?

‘शॉक’बद्दल माझी हरकत वेगळी आहे. हा उपचार मुळात विजेचा नाहीच, तो फिटचा आहे. १९३४ मध्ये बुडापेस्टच्या मेडुना या डॉक्टरने मनोरुग्णांना कापराचे इंजेक्शन देऊन फिट आणली, तेव्हा विजेचा संबंधही नव्हता. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी औषधाऐवजी विद्युतप्रवाह वापरला, कारण त्याने फिट लगेच येते आणि तिच्यावर नियंत्रण ठेवता येते. वीज हे साधन झाले; बोलीने मात्र साधनाचेच नाव उपचाराला देऊन टाकले.

शिवाय ज्या शब्दाची सर्वाधिक गरज आहे तो ‘भूल’ हा शब्द कोणत्याच पर्यायात नाही. रुग्णाला काही तास उपाशी ठेवतात, शिरेतून भूल देतात, स्नायू सैल करणारे औषध देतात, दातांना इजा होऊ नये म्हणून तोंडात रबराचा तुकडा ठेवतात, आणि मग काही सेकंदांपुरताच प्रवाह सोडतात. फिट साधारण अर्धा ते एक मिनिट टिकते, पण स्नायू सैल असल्यामुळे ती बाहेरून फारशी दिसत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी औषध देण्याआधीच एका पायाला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून बांधतात, म्हणजे औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही आणि तेवढे पाऊल हलताना पाहून डॉक्टरांना फिट आल्याचे कळते. सिनेमात पाहिलेला, जागेपणी पट्ट्यांनी जखडलेला रुग्ण मनात घेऊन आलेल्या नातेवाइकाला हे एवढे सांगितले, तरी पत्रकाचे अर्धे काम झाले.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, तरी सगळा दोष ‘शॉक’वर ढकलता येईल असे मला वाटत नाही. ‘छातीवर शॉक देऊन काकांना वाचवले’ हे वाक्य आपण कृतज्ञतेने उच्चारतो. शब्द तोच, क्रियापदही तेच. तेव्हा भीती शब्दात नसून ज्याला तो दिला त्याच्याविषयीच्या आपल्या समजुतीत आहे. ज्या शहरात येरवडा हे मनोरुग्णालयाच्या गावाचे नाव थट्टेत ‘याला तिकडेच पाठवा’ एवढ्याच अर्थाने वापरले जाते, तिथे नुसती पाटी बदलून काय साधणार?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच मी ‘शॉक’ लपवा असे म्हणत नाही. पत्रकातून तो गाळला, तर नातेवाईक तो जिन्यावर किंवा फोनवर दुसऱ्याकडून ऐकणारच, आणि मग डॉक्टरांनी आपल्याला फसवले असे त्यांना वाटेल. एकदाच, आरंभी, ‘ज्याला बोलीत शॉक म्हणतात’ असे लिहावे आणि पुढे सर्वत्र ईसीटी म्हणावे.

क्रियापदाकडे मात्र लक्ष द्यावे. आपण केमो ‘घेतो’, फिजिओथेरपी ‘घेतो’, शॉक मात्र रुग्णाला ‘दिले’ जातात. त्या वाक्यात त्याच्या संमतीला जागाच उरत नाही. ‘सहा ईसीटी घेतल्या’ हे आज कानाला थोडे खटकते, पण वापराने रुळेल.

दुसरी अडचण ‘नैराश्य’ या शब्दाची आहे, आणि ती मला ‘शॉक’पेक्षाही मोठी वाटते. सबमिशन लांबले तरी आपल्या मुलांना ‘डिप्रेशन’ येते. (मोठ्यांनाही येते, फक्त ते चांदणी चौकातल्या वाहतुकीमुळे.) असा शब्द कानावर असलेल्या माणसाला ‘नैराश्यासाठी ईसीटी’ हे अघोरीच वाटणार. म्हणून पत्रकात आजाराचे नाव देऊन थांबू नये, अवस्था सांगावी: ज्याने अन्नपाणी सोडले आहे, जो बोलेनासा झाला आहे, जीव देण्याचा ज्याचा धोका तातडीचा आहे, किंवा ज्याला औषधांनी उतार पडलेला नाही, असा रुग्ण.

‘विस्मरण’ हा शब्दही मोघम आहे. भुलीतून उठल्यावरचा थोड्या वेळाचा गोंधळ वेगळा, आणि उपचाराच्या आसपासच्या आठवडे-महिन्यांतल्या काही आठवणी पुसट होणे वेगळे. त्यांतल्या काही परत येतात, काहींच्या बाबतीत कायमच्या जातात. ‘किरकोळ विसर पडतो’ असे लिहिणे बरोबर नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रश्न

‘भूल देऊन’ हे प्रत्येक वेळी लिहावे का? पाल्हाळ वाटेल.

उत्तर

शीर्षकात आणि पहिल्या वाक्यात लिहावे. जुन्या, बिनभुलीच्या पद्धतीला डॉक्टरांच्या बोलण्यात ‘डायरेक्ट’ म्हणत आणि पुष्कळांच्या ऐकीव गोष्टी तिच्याच आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांशिवाय ईसीटी करण्यास बंदी घातली आहे, तर अल्पवयीनांसाठी पालकाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक केली आहे. हे पत्रकात यावे. सुरुवात अशी करता येईल: ‘ईसीटी, म्हणजे ज्याला बोलीत शॉक म्हणतात तो उपचार, रुग्णाला पूर्ण भूल देऊन केला जातो. त्यात मेंदूत थोड्या वेळाची, नियंत्रित फिट आणली जाते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, अशा साधारण सहा ते बारा ईसीटी घ्याव्या लागतात, आणि त्यानंतरही आजार उलटू नये म्हणून औषधे चालू ठेवावी लागतात.’ ‘उलटणे’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. ‘पुनरावर्तन’ कुणी वाचणार नाही.